बायोलॉजीच्या लॅबमधल्या बरण्या नेमकं काय शिकवतात?

घंटा वाजते. पुढच्या टेबलाकडे सरकायचं. समोर ‘७’ असा आकडा लिहिलेली चिठ्ठी आणि एक काचेची बरणी. आत पिवळट पाण्यात काहीतरी पांढुरकं, लांबुळकं तरंगतंय. नाव लिहायचं, संघ लिहायचा, दोन लक्षणं लिहायची. लिहून होतंय न होतंय तोच पुन्हा घंटा.

अकरावी-बारावी सायन्स किंवा बीएस्सीचं पहिलं वर्ष केलेल्यांना हे ‘स्पॉटिंग’ विसरता येत नाही. त्यावरचा जुगाडही बहुतेकांना आठवत असेल: प्राणी नाही, बरणी लक्षात ठेवायची. टवका उडालेलं झाकण म्हणजे ॲस्करिस, तिरकं लेबल म्हणजे जळू. मार्क मिळतात, जर्नलवर सही होते आणि विषय संपतो.

या प्रॅक्टिकलचं अभ्यासक्रमातलं नाव असतं ‘सजीवांची विविधता’. कपाटातली तीच तीस-चाळीस नमुने, काही स्लाइड, कुंडीतलं नेचं आणि वाळवलेली अळिंबी. एवढ्यावर पृथ्वीवरच्या जीवसृष्टीची ओळख करून द्यायची असते. आजवर शास्त्रीय नाव मिळालेल्या प्रजाती वीस लाखांच्या आसपास आहेत. २०११ मध्ये आलेल्या एका गाजलेल्या अंदाजानुसार पृथ्वीवर एकूण सुमारे ८७ लाख प्रजाती असाव्यात. बॅक्टेरिया त्यात धरलेले नाहीत.

मग तीस-चाळीस बरण्यांनी काय होणार? नावं पाठ करायची म्हटलं तर काहीच नाही. पण त्या बरण्या नावांसाठी ठेवलेल्याच नसतात.

रांग लावण्यामागचं कारण

कॉलेजच्या लॅबमध्ये नमुने सहसा एका ठरावीक क्रमाने मांडलेले दिसतात. सुरुवातीला सायकॉनसारखा स्पंज, मग हायड्रा किंवा जेलीफिश, चपटे कृमी, गोलकृमी, गांडूळ, झुरळ-कोळंबी, गोगलगाय, तारामासा आणि शेवटी मासे, बेडूक, सरडा, पक्षी, सस्तन प्राणी. ही मांडणी आकारानुसार नाही आणि अक्षरांनुसारही नाही. ती एक दावा करते: कोण कोणाचा नातेवाईक आहे आणि हे नातं कशावरून ओळखायचं.

म्हणून प्रत्येक बरणीला विचारायचे प्रश्न साधारण तेच असतात. शरीराचे सारखे दोन भाग पडतात का? पडत असतील तर एकाच रेषेवर, की मधोमध कुठूनही कापलं तरी? शरीर वलयांचं आहे का? पाय सांध्यांचे आहेत का? आत हाडं आहेत, कूर्चा आहे की बाहेरून कवच? तोंड आणि गुदद्वार वेगवेगळं आहे, की एकच भोक दोन्ही कामं करतं?

समजा कीटक आणि कोळी वेगळे करायचे आहेत. पायांच्या तीन जोड्या असतील तर कीटक, चार असतील तर कोळी, विंचू, गोचीड यांचा गट. एकेका प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत गटापासून प्रजातीपर्यंत पोहोचण्याच्या या पद्धतीला द्विभाजी किल्ली म्हणतात. जंगलात काम करणारे संशोधकही हीच पद्धत वापरतात, फक्त त्यांच्या किल्लीतले प्रश्न बारीक असतात: पंखातल्या शिरा किती, खवल्यांच्या ओळी किती, पायाच्या बोटांमध्ये पडदा कुठवर आलाय.

वर्गीकरणाच्या आधुनिक पद्धतीचं मूळ स्वीडनच्या कार्ल लिनियसपर्यंत जातं. त्याचं ‘सिस्टिमा नॅच्युरे’ १७३५ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा ते जेमतेम डझनभर पानांचं होतं. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत सुमारे ४,४०० प्राणी होते आणि प्रत्येकाला दोन शब्दांचं नाव होतं. देवमासा म्हणजे व्हेल याच आवृत्तीत माशांतून उठून सस्तन प्राण्यांमध्ये गेला. मराठीत त्याच्या नावात ‘मासा’ आजही आहे, तसाच तो तारामाशातही आहे. यातला एकही मासा नाही.

संधिपाद की आर्थ्रोपोडा?

मराठी माध्यमातून दहावी केलेल्या मुलांची या लॅबमध्ये एक वेगळीच पंचाईत होते. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आहे. त्यात ती मुलं संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी, वलयी हे शब्द शिकून आलेली असतात. अकरावीत तेच प्राणी आर्थ्रोपोडा, मोलस्का, एकायनोडर्माटा, ॲनेलिडा होऊन समोर येतात. प्राणी ओळखीचा, नाव परकं. मग पुन्हा पाठांतर.

खरं तर मराठी शब्द इथे जास्त उपयोगी आहेत. संधिपाद म्हणजे सांध्यांचे पाय असलेला, कंटकचर्मी म्हणजे कातडीवर काटे असलेला. लक्षण नावातच सांगितलंय. आर्थ्रोपोडाचा अर्थही ग्रीकमध्ये नेमका तोच होतो, पण तो कुणी सांगितला तर कळणार. व्हायवाला इंग्रजी नाव लागेल, ते लिहावंच. पण बरणीसमोर उभं राहिल्यावर मनात ‘संधिपाद’ म्हटलं, तर नजर आपोआप पायांकडे जाते.

चुकीच्या फळीवरची बरणी

बऱ्याच जुन्या लॅबमध्ये बॅलॅनोग्लॉससची एक बरणी असते. समुद्राच्या वाळूत बीळ करून राहणारा, मऊ, गांडुळासारखा दिसणारा हा प्राणी. त्याच्या सोंडेच्या बुडाशी एक छोटा अवयव असतो. पूर्वीच्या शास्त्रज्ञांना तो पृष्ठरज्जू वाटला. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांमध्ये, निदान गर्भावस्थेत, असा रज्जू असतो. त्यामुळे बॅलॅनोग्लॉसस थेट आपल्या घराण्यात आला. पुढे लक्षात आलं, की तो रज्जू नाही, अन्ननलिकेच्या सुरुवातीचाच एक फाटा आहे. मग त्याला बाहेर काढून अर्धसमपृष्ठरज्जू असा वेगळा संघ दिला गेला. एका अवयवाचा अर्थ बदलला आणि सगळं घराणं बदललं.

ही गोष्ट लॅबमध्ये क्वचितच सांगितली जाते. बरणीवर फक्त ‘हेमीकॉर्डाटा’ लिहिलेलं असतं, जणू ते आकाशातून पडलंय.

असे बदल अजूनही होत असतात. शाळेत शिकवली जाणारी पाच सृष्टींची पद्धत (मोनेरा, प्रोटिस्टा, कवक, वनस्पती, प्राणी) रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये मांडली. कवकाला वनस्पतींपासून वेगळं काढलं हे त्यातलं मोठं पाऊल. आठच वर्षांनी, १९७७ मध्ये, कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतल्या आरएनएची तुलना केली. ज्यांना सरसकट बॅक्टेरिया म्हटलं जात होतं, त्यांच्यातला एक गट मुळातूनच वेगळा असल्याचं त्यांनी दाखवलं. आज त्यांना आर्किया म्हणतात. १९९०च्या दशकात जनुकांवरून आणखी एक गोष्ट पुढे आली: भाजीत घालतो ती अळिंबी पालकापेक्षा आपल्याला, म्हणजे प्राण्यांना, जवळची आहे.

मगर पालीसारखी दिसते, पण तिचं जवळचं नातं पक्ष्यांशी आहे. कीटक तर कवचधारी प्राण्यांच्याच, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या, वंशवृक्षातली एक फांदी आहेत. कोळंबीच्या कालवणावर ताव मारणाऱ्या आणि झुरळ पाहून किंचाळणाऱ्या माणसाला हे सांगून बघावं. आणि पाच हातांचा तारामासा? त्याची अळी आपल्यासारखीच डावी-उजवी अशा दोन सारख्या बाजूंची असते. मोठा होताना तो पाच बाजूंचा होतो. गर्भाच्या वाढीवरून आणि जनुकांवरून तो कोळंबी किंवा गोगलगायीपेक्षा माणसाला जवळचा ठरतो.

डोळ्यांना जे दिसतं त्यावरून अंदाज बांधायचा आणि नवा पुरावा आला की तो मोडायचा. पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये यातला पहिला भागच शिकवता येतो, कारण डीएनए वाचायची सोय तिथे नसते. पण दुसरा भाग आहे हे निदान सांगता येतं.

बेडूक कुठे गेला?

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना बायोलॉजी म्हटलं की बेडूकच आठवतो. मेणाच्या ट्रेमध्ये उताणा, चारही पायांना टाचण्या. आता तो दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या. २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून ते थांबवायलाच सांगितलं.

यामागे प्राण्यांना होणारा त्रास हे एक कारण होतं. दुसरं कारण पुरवठ्याचं. कॉलेजांमध्ये येणारे बेडूक कुठल्या फार्मवर वाढवलेले नसायचे, ते शेतातून आणि डबक्यांतून पकडून आणलेले असायचे. भारतीय बैलबेडूक पावसाळ्यात पिवळाधमक होऊन डराव डराव करतो आणि शेतातले किडे मोठ्या प्रमाणात खातो. परदेशी हॉटेलांसाठी त्याच्या तंगड्यांची निर्यात इतकी वाढली होती, की १९८७ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. निर्यात थांबली, पण लॅबमधली मागणी पुढे बरीच वर्षं चालू राहिली.

बंदी योग्यच होती. पहिल्या वर्षाला बसलेल्या शेकडो मुलांपैकी पुढे प्राणिशास्त्र किती जण घेतात? त्यांच्यासाठी दरवर्षी हजारो बेडूक मारण्याचं समर्थन करणं कठीण आहे. प्रश्न आहे तो नंतर काय आलं याचा. आलं ते मुख्यतः चार्ट, मॉडेल आणि स्क्रीन. अमृता विश्व विद्यापीठम् आणि सी-डॅक यांनी तयार केलेल्या ‘ओ-लॅब्स’सारख्या ऑनलाइन प्रयोगशाळा जिथे मायक्रोस्कोपच नाही अशा शाळांना खरोखर उपयोगी पडतात. मात्र स्क्रीनवरचा प्राणी नेहमी आदर्श असतो. त्याची मिशी तुटलेली नसते आणि त्याचा रंगही उडालेला नसतो.

जर्नलमधल्या आकृत्यांचंही तेच होतं. समोर बरणी असते, पण आकृती काढली जाते पुस्तकातून किंवा सीनियरच्या जर्नलमधून. झुरळाच्या पायावर काटे कुठे आहेत हे न बघता काढलेल्या सुबक आकृतीला ‘व्हेरी गुड’ मिळतं, आणि प्रत्यक्ष बघून काढलेल्या वेड्यावाकड्या आकृतीवर लाल पेन फिरतं.

तो वास आणि त्या बरणीची दुसरी बाजू

लॅबमध्ये शिरताच नाकाला झोंबतं ते फॉर्मालिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्माल्डिहाइड वायू. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मालिनमध्ये तो साधारण ३७ ते ४० टक्के असतो. नमुन्यांसाठी ते पाणी घालून बरंच पातळ करतात. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतो, त्यामुळे मांस कुजत नाही. पण रंग उडतो, म्हणूनच बरणीतले सगळे प्राणी एकाच फिकट, उकडलेल्या रंगाचे दिसतात. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. खिडक्या उघड्या ठेवा, बरणीचं झाकण उघडून वाकून बघू नका, हातमोजे घाला, असं सांगणाऱ्या मॅडम उगाच ओरडत नसतात. फॉर्मालिनमधल्या नमुन्यातून डीएनए मिळवणंही अवघड जातं, म्हणून संशोधक आता शक्य तिथे अल्कोहोल वापरतात.

लॅबमधली बरणी आणि संग्रहालयातली बरणी यांत आणखी एक फरक असतो. कॉलेजच्या बरणीवर नाव असतं, पण तो प्राणी कुठे आणि कधी सापडला हे सहसा नसतं. संग्रहालयात मात्र तीच माहिती सगळ्यात मोलाची. मुंबईतली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून असे नमुने जपते आहे, आणि झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. नवी प्रजाती जाहीर करताना एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून अशा संग्रहात ठेवावा लागतो. पुढे कुणाला शंका आली, तर निवाडा त्या बरणीपाशी होतो.

हे सगळं फक्त कागदावरचं नाही. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी मंदिराचं कुंड आहे. तिथल्या एका लहान माशाचं २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही नवी प्रजाती म्हणून वर्णन झालं. २०२१ मध्ये राज्य सरकारने त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. कुंडात ये-जा करणाऱ्यांना तो मासा आधीही दिसत असणार. तो त्याच्या भाईबंदांपेक्षा वेगळा आहे हे मात्र कुणीतरी पट्टे मोजून, पर मोजून दाखवावं लागलं. त्यानंतरच संरक्षण आलं.

आणि असं मोजणारी माणसं कमी आहेत. जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय करारानेही वर्गीकरण जाणणाऱ्यांची टंचाई हा जगभरातला अडथळा मानला आहे. अशात २०२२ मध्ये एनसीईआरटीने कोविडनंतरचा भार हलका करताना नववीच्या विज्ञानातून ‘सजीवांची विविधता’ हा धडा पूर्ण वगळला. कारण विद्यार्थ्यांवरच्या ताणाचं होतं आणि ताण होताही. पण त्यामुळे हे पुस्तक वापरणाऱ्या शाळांतल्या कित्येक मुलांची या विषयाशी पहिली भेट थेट अकरावीत, नीटच्या तयारीच्या गडबडीत, एमसीक्यूच्या रूपात होणार. जी मुलं सायन्स घेणारच नाहीत, त्यांची कदाचित कधीच नाही.

मासळी बाजारातलं प्रॅक्टिकल

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना यातला मोठा भाग सकाळच्या मासळी बाजारात फुकट बघता येतो. एका पाटीत तिसऱ्या आणि माकूल. दोघंही मृदुकाय. तिसऱ्यांचं कवच बाहेर असतं, माकूल साफ करताना आतून निघणारी पारदर्शक पट्टी हे त्याचं उरलेलं कवच. शेजारी कोळंबी आणि खेकडे, दोघांच्या पायांच्या पाच जोड्या. सांधे मोजायला कोळीण हरकत घेणार नाही, मात्र गिऱ्हाइकांची गर्दी नसताना जावं.

मग बांगडा आणि मुशी शेजारी ठेवून बघायचे. बांगड्याच्या कल्ल्यांवर झाकण असतं, मुशीला ते नसतं, तिच्या कल्ल्यांच्या पाच चिरा उघड्या दिसतात. मुशीच्या अंगावर शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर सँडपेपरसारखं खरखरतं. कापल्यावर बांगड्यात हाडं निघतात, मुशीत फक्त कूर्चा. लॅबमधल्या स्कोलिओडॉन आणि रोहूच्या बरण्यांमधून जे शिकायचं असतं ते हेच, फक्त वास वेगळा. देशावरच्यांसाठी भातखाचरातली किंवा तळ्याकाठची मोठी गोगलगाय, म्हणजे पायला, आहे. तिला पाण्यात वापरायला कल्ला आणि बाहेर वापरायला फुप्फुसासारखी पिशवी, असं दोन्ही असतं.

फोनवर फोटो काढून नाव सांगणारी ॲप आता सगळ्यांकडे आहेत. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकलेली नोंद, ठिकाण आणि तारखेसह, पुढे संशोधकांच्याही कामी येते. फक्त ॲपने सांगितलेलं नाव म्हणजे अंदाज. अनेक प्रजातींमधला फरक पोटाखाली, दातांत किंवा पंखाच्या मागच्या बाजूला असतो, जो फोटोत येतच नाही. म्हणून एकाच प्राण्याचे निरनिराळ्या बाजूंनी तीन-चार फोटो टाकणं चांगलं.

डोळ्यांना न दिसणाऱ्या विविधतेसाठी थोडी जास्त वाट बघावी लागते. मूठभर वाळलेलं गवत पाण्यात उकळून गार करायचं. त्यात डबक्यातलं किंवा तळ्यातलं चमचाभर पाणी घालायचं आणि भांडं सैल झाकून सावलीत ठेवायचं. दोन-तीन दिवसांत पाणी गढुळतं, ते बॅक्टेरियांमुळे. मग त्यांना खाणारे छोटे एकपेशीय जीव येतात, त्यानंतर बहुधा पॅरामेशियम. तो पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर शंभरपट करून सहज दिसतो. मनू प्रकाश यांच्या गटाने अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला ‘फोल्डस्कोप’ हा घडीचा कागदी मायक्रोस्कोप १४० पट मोठं दाखवतो, तोही चालतो. पॅरामेशियम फार पळत असेल तर थेंबात कापसाचे दोन-तीन धागे टाकावेत, तो त्यात अडकून हळू होतो.

रोज एक थेंब बघायचा, दिसेल ते पेन्सिलीने काढायचं आणि तारीख टाकायची. दुसऱ्या आठवड्यात आधीचे जीव कमी होऊन वेगळेच दिसू लागतात. वास सहन होईनासा झाला की पाणी झाडांना घालून टाकायचं आणि हात साबणाने धुवायचे.